लाल बंदांचे बारा लंगोट

२ फेब्रुवारी

जाऊबाईंना नमस्कार.

पोचले. दोन दिवसांच्या प्रवासात डोळ्याला डोळा लागला नाही. मांडी रिकामी होती, सवय नाही. दुसऱ्याच दिवशी रुग्णालयाच्या धुलाईघरात कामावर हजर झाले. राहायला चौघींत एक खोली आहे. खिडकीतून धुराडं दिसतं आणि दिवसभर साबणाचा वास येतो.

खोलीवर मूल ठेवू देत नाहीत. मी चौकशी केली. आवारातच कामगारांच्या मुलांचं पाळणाघर आहे, आणि तिथे मूल घातलं की त्या बाईला वेगळी खोलीही मिळते. पण तिथल्या बाईंचा नियम पक्का आहे, लंगोट सुटलेलंच मूल घेणार. एकटीनं वीस पोरं सांभाळायची, त्यांचंही खरं आहे. तेव्हा आपलं ठरलं तसंच. भिंगरीचा लंगोट सुटेपर्यंत ती तुमच्याकडे, सुटला की मी तिला न्यायला येईन. रजा वर्षातून एकदाच मिळते आणि न घेता साठवूनही ठेवता येते. मी ती त्याच दिवसासाठी राखून ठेवणार आहे.

हे गेल्यावर सहा महिने तुमच्याकडे राहिले, पण लंगोट मी तुम्हाला कधी धुवू दिले नाहीत. बाप नसलेल्या पोरीचं ओझं आणखी कुणावर नको, असं वाटायचं. आता सगळंच तुमच्यावर टाकून आले. म्हणून लिहिते, राग मानू नका. घाण आधी गार पाण्यातच खळबळून काढायची. गरम पाण्यात टाकलात तर डाग कायमचा बसतो. मग चिमूटभर धुण्याचा सोडा घालून उकळायचे आणि तीन पाण्यांतून काढायचे, शेवटच्या पाण्याला फेस येता कामा नये. वाळवायचे उन्हात. राहिलेला डाग ऊनच खातं.

पोरीला अकरावा महिना लागलाय. तिला माझा फोटो दाखवत जा.

तुमची धाकटी

२१ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

तुझं पत्र यांनी मला दोनदा वाचून दाखवलं. एकदा माझ्यासाठी आणि एकदा धुण्याचे नियम पाठ व्हावेत म्हणून. दुकानात घड्याळं दुरुस्त करायची सवय, त्यामुळे यांना प्रत्येक गोष्ट क्रमानं लागते. आता मोरीशी उभे राहून विचारतात, "दुसरं पाणी की तिसरं?"

एक गुन्हा कबूल करायचा आहे. सोळा वर्षं संसार केला, पण लंगोट हाताळायची वेळ माझ्यावर कधी आली नाही, हे तुला माहीतच आहे. धुऊन वाळवले, सुरेख पांढरे निघाले, तेव्हा मला वाटलं, यांच्या सदऱ्यांना घालते तशी खळ घालावी. घातली. वर इस्त्री. कपाटात घड्यांवर घड्या रचल्या आणि शेजारणीला बोलावून दाखवल्या. भिंगरीला बांधल्यावर मात्र पुठ्ठा बांधल्यासारखी दिसायला लागली. बसता येईना, रांगता येईना, माझ्याकडे असं बघितलं की मी सात पिढ्यांची वैरीण. संध्याकाळपर्यंत मांड्या लालभडक! मला रडू फुटलं. सगळे लंगोट परत उकळले, खळ काढली, खोबरेल लावलं. चार दिवसांत बरी झाली.

हे म्हणाले, एवढंसं झालंय, तिला कशाला कळवायचं, उगाच जीव टांगणीला लागेल. पण तुझ्या पोरीच्या बाबतीत मी तुझ्यापासून काही लपवणार नाही. ठरवूनच टाकलंय.

फोटो रोज दाखवते. काल तिनं तो चाटला.

तुझी थोरली जाऊ

९ नोव्हेंबर

जाऊबाईंना नमस्कार.

भिंगरी धावायला लागली हे वाचून मी इथल्या तिघींना बसवून ते पत्र परत वाचलं. एक म्हणाली, "तुझ्या जाऊबाई लिहितात छान, मूल डोळ्यांसमोर फिरतं." फिरतं खरं. पण हाताला लागत नाही. वीस महिन्यांची झाली आणि मी तिचं एकही पाऊल पाहिलं नाही.

दिवसाला किती लंगोट ओले होतात ते मोजून कळवता का? आठाचे सहा, सहाचे चार असे कमी होत गेले की समजायचं, सुटायला आलाय. पाळणाघरात मी नाव नोंदवून ठेवलंय.

जुने तोकडे पडत असतील म्हणून मोठ्या मापाचे बारा पाठवते आहे. कापड दुहेरी आहे, सुट्टीच्या दिवशी हातानं शिवलेत. पांढऱ्या नाड्या संपल्या होत्या म्हणून लाल लावल्या. रंग जाणार नाही, उकळून बघितलंय. हे शेवटचे ठरोत.

तुमची धाकटी

१८ जानेवारी

प्रिय धाकटे,

लंगोट मिळाले. लाल बंद दिसतातही झोकात. पत्राला उशीर झाला, हे तापानं आजारी होते. आता ठीक आहेत.

भिंगरी बोलायला लागली आहे आणि तोंड मिटत नाही. यांना "टिकटिक" म्हणते, मला "मोठी", आणि तुला "फोटोतली आई". घड्याळाचे काटे हातात धरून यांच्या पाठीवर चढते. ती येईपर्यंत सोळा वर्षं या घरात घड्याळांशिवाय कुणी आवाज करत नव्हतं.

लंगोटांचं म्हणशील, तर सध्या थंडी आहे, कमी होतील असं दिसत नाही. आजच सहा वाळत घातले. तू घाई करू नकोस. एकेका मुलाला वेळ लागतो.

तुझी थोरली जाऊ

४ जुलै

जाऊबाईंना नमस्कार.

एक विचारते, खरं सांगा. भिंगरीला काही दुखणं तर नाही ना?

तिला सव्वादोन वर्षं झाली. तुमच्या प्रत्येक पत्रात तेच, आज सहा वाळत घातले, आज सहा वाळत घातले. पाळणाघरात तिच्यापेक्षा लहान पोरं स्वतःहून सांगतात. इथल्या मुलांच्या डॉक्टरांची चादर पोचवायला गेले होते, धीर करून विचारलं. ते म्हणाले, दिवसाही सहा-सहा ओले होत असतील तर मूत्रपिंड तपासायला हवं, पाठीच्या कण्यातही काही असू शकतं, बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. त्यांनी सहज सांगितलं. खाली येऊन मशीनमागे बसून राहिले.

यांचं अचानक झालं तेव्हाही आधी कुणाला काही कळलं नव्हतं. पोरीनं यांच्याकडून काही आणलंय का, हेच डोक्यात फिरतं. मी आता दोन पाळ्या करते. तिला आणलं की आधी तपासण्या करून घ्यायच्या, मग पाळणाघराचं बघू.

तोवर आणखी मोठे लंगोट शिवून पाठवते. मापाला लाल बंदांचा एक पाठवून द्या, वापरातलाच, म्हणजे कुठे कमी पडतो ते कळेल.

तुमची धाकटी

२० जुलै

प्रिय धाकटे,

पोरीला काहीही झालेलं नाही. देवाशपथ सांगते, ती ठणठणीत आहे. खाते, पिते, जिन्यावरून उड्या मारते. डॉक्टरांना काय जातं बोलायला, त्यांनी पोरीला बघितलंय कुठे? तू दोन पाळ्या करू नकोस. हाडांची काडं करून घेशील.

थोडी सावकाश आहे, इतकंच. माझंच चुकत असेल, मला शिकवता येत नसेल.

मापाला लंगोट सोबत पाठवते आहे. स्वच्छ धुतलेला आहे.

हे माझ्याशी धड बोलत नाहीत सध्या. तब्येत बरी आहे त्यांची, काळजी करू नकोस.

तुझी थोरली जाऊ

३० ऑगस्ट

जाऊबाई,

लंगोट मिळून महिना झाला. उत्तर लिहायला बसायची आणि कागद फाडायची. आज लिहितेच.

दीड वर्षात माझ्या हाताखालून किती कपडा गेला असेल, याचा हिशोब नाही. रुग्णालयातले लंगोटही आम्हीच धुतो. कुठलं कापड कशानं विरलं, ते मला आता अंधारातही सांगता येतं. वापरातला लंगोट मधोमध विरतो, ओल तिथेच असते. कडा धडधाकट राहतात. तुम्ही पाठवलेला सगळीकडून सारखा विरलाय, मधेही आणि कडेलाही. म्हणजे धुतलाय शेकडो वेळा, पोरीनं भिजवला एकदाही नाही.

आणि बंद. ओल्या नाडीची गाठ सोडून सोडून नाडी दोरीसारखी पिळते, टोकं पिंजतात. या नाड्या मी शिवल्या तशा सपाट आहेत. जाऊबाई, या लंगोटाला एकदाही गाठ पडलेली नाही.

तो लंगोट हातात धरून मी आधी हसले. वेड्यासारखी हसले, कारण पोरगी आजारी नाही. खोलीतल्या सगळ्या घाबरल्या. मग हसू गेलं आणि जो राग आला, तो अजून उतरलेला नाही. किती रात्री मी तिच्या पाठीच्या कण्याचा विचार करत काढल्या! माझ्याकडे यायला ती कधीपासून तयार होती? तुम्ही मला माझ्या पोरीचे किती महिने खाल्लेत, तेवढं तरी सांगा.

रजा मंजूर झाली. वीस सप्टेंबरला येते आहे.

धाकटी

७ सप्टेंबर

प्रिय धाकटे,

तुझं पत्र हे वाचून दाखवत होते. "गाठ पडलेली नाही" इथपर्यंत आले आणि चष्मा काढून ठेवला. पुढचं मी माझं वाचलं.

नऊ महिने. डिसेंबरात सुटला. तुझे लाल बंदांचे लंगोट पोचले त्याच आठवड्यात तिनं पहिल्यांदा माझा पदर ओढून सांगितलं, "मोठी, शू." मी तिला उचलून घरभर नाचले. नाचता नाचता माझ्या डोक्यात आलं की आता ही जाणार, आणि पाय जागच्या जागी थांबले. तुला कळवायचं म्हणून कागद घेतला. आज नको, उद्या, असं करत महिना गेला.

मला खोटं लिहिता येत नाही गं. ते खळीचं तुला कळवलं होतं ना, तशीच मी आहे. म्हणून मी एक युक्ती काढली, स्वतःलाच फसवायची. रोज सकाळी तुझे सहा कोरे लंगोट भिजवायचे, सोडा घालून उकळायचे, तीन पाण्यांतून काढायचे, उन्हात घालायचे. मग तुला लिहायचं, आज सहा वाळत घातले. एवढं तरी खरं असायचं. भिंगरी चिमटे हातात देत विचारायची, "मोठी, हे कुणाचे?" मी म्हणायची, बाळाचे. ती म्हणायची, "कुठल्या बाळाचे?"

हे पहिल्या दिवसापासून सांगत होते, हे पाप आहे, तिला कळव. मी ऐकलं नाही. तू डॉक्टरांचं लिहिलंस तेव्हा मी दोन दिवस जेवले नाही. तरीही कबूल केलं नाही, याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते. तू तिकडे मूत्रपिंडाच्या काळजीनं अर्धी होत होतीस आणि मी इकडे कोरे लंगोट उकळत बसले होते. माफ कर असं लिहायला तोंड नाही.

ये. तिची बोचकी बांधून ठेवते. फोटोतली आई येणार, असं रोज सांगते आहे. ती विचारते, फोटोतून बाहेर कशी येणार?

तुझी थोरली जाऊ

१२ ऑक्टोबर

जाऊबाईंना नमस्कार.

स्टेशनवर मी तुमच्याशी नीट बोलले नाही. गाडी सुटली आणि भिंगरी खिडकीच्या गजांना धरून "मोठी, मोठी" करून अशी ओरडली की अख्खा डबा माझ्याकडे बघायला लागला. पोरचोर समजले असतील मला. मलाही तसंच वाटत होतं.

वेगळी खोली मिळाली. पाळणाघरातही घेतलं. पण जाऊबाई, आता ती खरंच ओलं करते. झोपेत आणि जागेपणीही. पहिल्या आठवड्यात वाटलं, जागा नवी आहे. आता तीन आठवडे झाले. पाळणाघरवाल्या बाई म्हणाल्या, महिनाभर वाट बघते, मग नाव काढावं लागेल. मी एकदा रागावले, तर ती भिंतीकडे तोंड करून बसली आणि म्हणाली, "मला घरी जायचंय." मी म्हटलं, हेच घर. तिनं मान हलवली.

मी दिवसभर पाचशे चादरी धुते, आणि पोटच्या पोरीपुढे हात टेकलेत.

ते लाल बंदांचे लंगोट मी रागानं तिथेच टाकून आले होते. पाठवाल?

तुमची धाकटी

२० ऑक्टोबर

प्रिय धाकटे,

अकराच्या अकरा पाठवते आहे, मापाचा बारावा तुझ्याकडेच आहे. धुवायचं मी तुला काय शिकवणार, पण पोरीचं शिकवते.

रागावू नकोस. दर दीड तासानं घेऊन जा, पाण्याचा नळ बारीक सोड. तिला गोष्ट लागते, टिकटिक आणि उंदराची, कुठलीही बनव. झोपताना पायांना चादर गुंडाळून घट्ट दाब, मग तिला झोप लागते. लंगोट बांधलास तरी तिला बाळ म्हणू नकोस, चिडते. आणि माझं नाव काढून रडली तर गप्प बसवू नकोस. रडू दे. माझ्याविषयी वाईट बोलावंसं वाटलं तर तिच्यासमोर नको, मला लिही.

ओलं करतेय ते मूत्रपिंडानं नव्हे, कण्यानंही नव्हे. तुला कळतंय कशानं ते. माझी आठवण येते तोवर ती भिजेल. तुझी सवय झाली की कोरडी होईल. ज्या दिवशी लंगोट सकाळी कोरडा निघेल, त्या दिवशी मला कळव. मी केलं तसं तू करू नकोस. मला किती वाईट वाटेल याचा विचार न करता लिही.

इकडे सगळं स्वच्छ आणि वेळेवर आहे. मला ते बघवत नाही.

तुझी थोरली जाऊ

३ डिसेंबर

जाऊबाईंना नमस्कार.

तुमची टिकटिक आणि उंदराची गोष्ट मी आता झोपेतही सांगेन. पाय दाबल्यावर खरंच झोपते. पाळणाघरातलं नाव राहिलं, बाईंनी सांभाळून घेतलं. तुमचा माझ्या मनातला राग गेलाय, असं लिहिणार होते. पूर्ण नाही गेला. पण तुम्ही तिला किती जपलंत, ते तिच्या एकेका सवयीतून मला कळतंय. इतके लाड कुणी केले असतील, तर त्या माणसाला पोरगी सोडवणार कशी?

तिला तुमची आठवण रोज येते. तुम्ही मनाला लावून घेऊ नका की विसरली.

लंगोटांचं म्हणाल, तर आजच सहा वाळत घातले.

तुमची धाकटी

११ डिसेंबर

प्रिय धाकटे,

यांनी पत्र वाचायला घेतलं. शेवटच्या ओळीशी येऊन थांबले, माझ्याकडे बघितलं. मग हे म्हणाले, "हे वाक्य आपल्या घरचं आहे."

अगं वेडे, ते मीच नऊ महिने लिहिलंय, मला ओळखू येणार नाही? थंडीत सकाळी उठून, दोन पाळ्यांचं अंग घेऊन, कोरे लंगोट धुतेस माझ्यासाठी? तुझ्या पत्रात कुठेही "ओले झाले" असा शब्द नाही. बाईंनी नाव काढलं नाही म्हणजे पोर कोरडी आहे. कधीपासून? पंधरा दिवस तरी झाले असतील.

मी रडले. खोटं लिहिणार नाही, पुष्कळ रडले. तुला कळव असं म्हणताना मनात कुठेतरी होतं की चार महिने तरी भिजेल. पण रडून झाल्यावर बरं वाटलं. पोरगी तुझ्याकडे रुळली. आपल्या तिघींतल्या कुणालाच आता कशाला दोरीवर टांगून ठेवायचं?

तेव्हा धुणं बंद कर. कापड अजून मऊ आहे, तिचे पाय पुसायला होईल. फक्त बंद काप. बारा लंगोटांचे चोवीस होतील. काहींना आता तरी गाठ पडली असेल, काही अजून सपाट असतील, सगळेच चालतील. भिंगरीला भिंतीशी टाच लावून उभी कर, एकाला एक बंद बांधत टाचेपासून डोक्यापर्यंत ये, आणि ती भरेल तिथे कापून तेवढी लाल नाडी मला पाठव. इथे दाराच्या चौकटीला, ती जाताना होती तेवढ्या उंचीवर, खिळा ठोकलाय. नाडी जमिनीपासून वर लावून बघेन, केवढी झाली ते.

दर सहा महिन्यांनी एक पाठवत जा. गाठी घट्ट मार, मापात फरक पडायला नको.

तुझी थोरली जाऊ